बिब्याखाली बसलेलं मांजर

मागच्या पौषात मी आठवडाभर करमाडला घरी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मानेच्या डाव्या बाजूला आणि दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला खाज सुटली होती. दुपारपर्यंत तिथे लाल पट्टे उठले, संध्याकाळी त्यांवर पाण्याचे बारीक फोड. डॉक्टरांनी पाहिलं, 'अॅलर्जी आहे' म्हणाले, मलम दिलं, नवीन साबण वापरलाय का विचारलं. नव्हता वापरला. आजी ओसरीवर बसून तूर निवडत होती. तिनं माझा हात उजेडाकडे धरला आणि एका वाक्यात निकाल दिला.

"बिबा उतलाय तुला."

पण मी बिब्याजवळ गेलेच नव्हते. आमच्या शेताच्या बांधावर बिब्याचं एक जुनं झाड आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणापासून तिकडे जायचं नाही हे अंगात इतकं मुरलंय की मी अजूनही लांबून वळसा घालते. मग हा बिबा माझ्या मानेपर्यंत आला कसा?

आजीनं हनुवटीनंच दाखवलं. चुलीजवळच्या उबेत चिमी पसरली होती. चिमी म्हणजे आमची भाटी, पांढऱ्यावर काळे ठिपके, वय तीन वर्षं. गेले तीन दिवस ती रोज रात्री माझ्या मानेशी नाक खुपसून झोपत होती. आणि दिवसा? दिवसा ती बिब्याखाली. ट्रॅक्टर जाऊन जाऊन तिथली माती मऊ झालेली, ऊन चांगलं लागतं, आणि उंदीरही असावेत. ट्रॅक्टरच्या चाकाखाली पडलेले बिबे चिरडतात, त्यांचं तेल मातीत उतरतं, चिमी त्या मातीत लोळते. तिच्या अंगावर एक पुरळ नाही. माझ्या अंगावर नकाशा.

घरात चर्चा सुरू झाली. काका म्हणाले, झाडच तोडून टाकू. आई म्हणाली, मांजर दुसरीकडे सोडून ये. मी अर्थातच मोबाइल काढला आणि विचारलं, की कवचाची फळं येणारी झाडं मांजरांना धोकादायक असतात का. उत्तरं भरपूर मिळाली, सगळी परदेशातली. अक्रोडाची बुरशी लागलेली टरफलं कुत्र्यांना बाधतात, मॅकाडेमिया कुत्र्यांना चालत नाही, बदाम मांजराला पचत नाहीत. आपल्या बांधावरच्या बिब्याबद्दल त्या याद्यांमध्ये एक ओळ नव्हती. म्हणून मग मी उलट बाजूनं शोधायला लागले. मांजर बाजूला ठेवून बिब्याचाच इतिहास वाचायला घेतला, कारण माणसानं या झाडाबरोबर दोन हजार वर्षं काढली आहेत. कोणाला काय झालं, याची नोंद कुठेतरी असणारच.

आधी बिबा म्हणजे काय ते सांगते, कारण तो पाहिलेला असूनही अनेकांना ओळखू येत नाही. दुकानाच्या दारात, रिक्षाच्या पुढे, नव्या गाडीच्या बंपरला शनिवारी जी लिंबू-मिरची टांगतात, त्या दोऱ्यात बऱ्याचदा एक काळं, चपटं, बदामाच्या आकाराचं बी ओवलेलं असतं. तोच बिबा. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात जी पांढरी, तुपात तळलेली गोडंबी घालतात, ती याच बिब्याच्या आतली. आणि ठरलेल्या कामात कोणी खोडा घातला की आपण म्हणतो, त्यानं बिब्बा घातला. एकच फळ दृष्ट काढतं, बाळंतिणीला ताकद देतं आणि लग्न मोडतं. मराठीनं इतकी कामं दुसऱ्या कुठल्या फळाला दिलेली मला तरी आठवत नाहीत.

फळाची रचना मजेशीर आहे. झाडावर आधी एक केशरी, मांसल देठ फुगतो आणि त्याच्या टोकाला काळं बी चिकटलेलं असतं. काजूचं बोंडू आणि काजू आठवा, अगदी तसंच. केशरी भाग पिकला की लोक खातात, वाळवूनही ठेवतात. आतली गोडंबीही खायची. या दोन खाण्याजोग्या गोष्टींच्या मधे, काळ्या टरफलात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं असतात आणि त्यांत दाट, आधी तपकिरी दिसणारं आणि हवा लागली की काळं पडणारं तेल. सगळी भानगड त्या तेलाची आहे.

आपल्या वैद्यांना ती भानगड फार आधीपासून माहीत होती. संस्कृतात याला भल्लातक म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, अगदी पहिल्याच म्हणजे रसायनाच्या अध्यायात, भल्लातकाचे प्रयोग दिले आहेत. त्यात मला औषधापेक्षा सावधगिरीच जास्त दिसली. फळं गोळा करून जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची. मग थंडीच्या महिन्यांतच सुरुवात करायची. काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप चोपडायचं. पुढच्या काळातल्या वैद्यांनी तर बिबे विटेच्या चुऱ्यात घोळवून त्यांचं तेल शोषून घ्यायची पद्धत रूढ केली, ती आजही आयुर्वेदिक औषधं बनवताना वापरतात. तोंडाला तूप, फळाला विटेचा चुरा. दोन्हींचा हेतू एकच, तेल आणि कातडी यांची गाठ पडू नये.

बिबा अरबांकडे गेला तो 'बलाधुर' नाव घेऊन. तिथे त्याची ख्याती स्मरणशक्ती वाढवणारं औषध अशी झाली. नवव्या शतकात बगदादमध्ये अहमद इब्न याह्या नावाचा इतिहासकार होऊन गेला. मुस्लिम सैन्यांनी जिंकलेल्या प्रदेशांचा इतिहास त्यानं लिहिला आणि त्यात सिंधवरच्या स्वारीचीही हकिकत आहे. जग त्याला 'अल-बलाधुरी' म्हणून ओळखतं, म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर 'बिबेवाला'. दंतकथा अशी, की स्मरणशक्तीसाठी बिब्याचा अर्क जास्त घेतल्यानं त्याला वेड लागलं आणि त्यातच तो गेला. काही जण हीच गोष्ट त्याच्या आजोबांची म्हणून सांगतात. कोणाचीही असो, आठवण टिकवण्याचं काम करणाऱ्या माणसाला आठवणीच्या औषधाचं नाव चिकटलं, आणि तेही इशारा म्हणून.

पोर्तुगीजांनी बिबा पाहिला तो आपल्याच भागात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली हिंदुस्थानात आला, गोव्यात राहिला, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारातही त्याची वैद्य म्हणून ये-जा होती. आमच्या भागावर तेव्हा निजामशाहीचीच सत्ता होती. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या पुस्तकात बिब्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. त्यात तो अरबी नाव देतो आणि इथले लोक याला 'बिबो' म्हणतात हेही नोंदवतो. त्या संवादातली दुसरी नोंद वाचून मी आजीला हाक मारली होती. ओर्ता सांगतो, की इथे हिरव्या बिब्यांना मीठ लावून मुरवतात, त्याला 'अचार' म्हणतात आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसं ते बाजारात विकतात. हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशात 'अचार' या शब्दाखाली ओर्ताचं हे वाक्य उतरवलेलं आहे. म्हणजे युरोपच्या पुस्तकांत लोणचं शिरलं ते कैरीचा हात धरून नाही, बिब्याचा हात धरून.

आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हिरव्या बिब्याचं लोणचं? तोंड सुजून मरायचं का?" मग थोडं थांबून, "मिठात लई दिवस ठिवत असतील."

इथे काजूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनीच तो आपल्या किनाऱ्यावर आणला. ओर्ताच्या पुस्तकात तो नाही, पण 1578 साली क्रिस्तोव्हाँव द कोश्तानं छापलेल्या पुस्तकात कोचीनच्या बागांमधला काजू येतो. युरोपातल्या वैद्यांच्या भाषेत तोवर 'अॅनाकार्डियम' म्हणजे बिबा. हृदयाच्या आकाराचं फळ, म्हणून हे नाव. लिनियसनं वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली तेव्हा अॅनाकार्डियम हे कुळनाव उचलून काजूला देऊन टाकलं. बिब्यासाठी नवीन नाव पाडावं लागलं ते लिनियसच्या मुलानं, 1782 च्या सुमाराला. त्यानं 'सेमेकार्पस' हे कुळनाव वापरलं. ग्रीक शब्दांतून त्याचा अर्थ निघतो, खूण करणारं फळ. जुनं नाव बिचारं मागे शेपटासारखं राहिलं, 'सेमेकार्पस अॅनाकार्डियम'. ब्राझीलहून आलेल्या पाहुण्याला घराचं नाव मिळालं आणि घरच्याला टोपणनाव.

पण टोपणनाव अगदी अचूक होतं. बिब्याचं तेल आणि चुना एकत्र आले की कापडावर असा काळा डाग पडतो, की कापड विरून जाईल पण डाग जाणार नाही. देशभरातल्या धोब्यांची शाई हीच होती. प्रत्येक घराची वेगळी खूण, कॉलरच्या आत किंवा धोतराच्या काठाला, सुईच्या टोकानं काढलेली. शंभर घरांचे कपडे एका घाटावर आपटून धुवायचे आणि एकही चुकू द्यायचा नाही, यासाठी अक्षरओळख लागत नव्हती, बिबा पुरत होता. पुढे पोलिसांनाही या खुणांचा उपयोग झाला. बेवारस मृतदेहाच्या सदऱ्यावरची धोबीखूण घेऊन धोब्याकडे गेलं की माणसाचं घर सापडायचं.

आणि इथेच मला माझ्या मानेचं उत्तर मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांना एक विचित्र त्रास सुरू झाला. मानेच्या मागे, नेमक्या एका जागी, खाज आणि फोड. काहींना कमरेवर. लष्करी डॉक्टरांनी माग काढला तेव्हा फोडांची जागा आणि कपड्यांवरच्या धोबीखुणेची जागा जुळली. 1943 साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात याचा वृत्तान्त आला. त्या सैनिकांपैकी कोणी बिब्याचं झाड पाहिलंही नसेल. कपडा धुतलेला, वाळलेला, इस्त्री केलेला. त्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, आणि तरीही बिबा उतला. अमेरिकी सैनिकच एवढे बळी का पडावेत? कारण त्यांच्या देशात 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल आहे आणि तिच्यातला दाहक पदार्थ बिब्याच्या तेलाचा भाऊबंद आहे. ज्याचं शरीर लहानपणी त्या वेलीवर चिडलेलं असतं, ते बिब्यालाही ओळखतं आणि पुन्हा चिडतं.

या पदार्थांच्या घराण्याला उरुशिऑल म्हणतात. जपानीत लाखेच्या रोगणाला 'उरुशी' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. बिब्यातल्या त्याच्या रूपाला आपल्याकडच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला भिलावाँ या हिंदी नावावरून 'भिलावानॉल' असं नाव दिलं. आंबा, काजू, बिबा हे सगळे एकाच कुळातले. कैरी तोडताना देठाचा चीक ओठाला लागून उततो, काजूचं टरफल दातानं फोडणाऱ्याचे ओठ भाजतात, ती याच कुळाची सवय. बिबा या कुळातला तिखट भाऊ, एवढंच.

आता उततं म्हणजे नेमकं काय होतं? हे तेल अॅसिडसारखं जागच्या जागी जाळून मोकळं होत नाही. ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि शरीराला आपलीच कातडी परकी वाटायला लागते. हल्ला करतं ते आपलंच शरीर. म्हणून फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात, आणि तोवर आपण कुठे काय लागलं ते विसरलेलो असतो. डॉक्टर साबणाबद्दल विचारतात ते त्यामुळेच.

ब्रिटिश काळातल्या कोर्टांनी या फोडांचा वेगळाच अवतार पाहिला. मारहाणीची खोटी फिर्याद करायची असेल तर अंगावर बिब्याचा रस लावायचा, की काळानिळा वळ तयार. जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकावरचं पाठ्यपुस्तक पहिल्यांदा 1920 साली निघालं. खरा मार आणि बिब्याचा डाग यांतला फरक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना अशा पुस्तकांतून आजही शिकवतात. डाग नेहमी स्वतःचा हात पोचेल अशाच जागी असतो, त्याच्या कडेला बारीक फोड असतात, खाज असते, आणि खाजवलेल्या बोटांवरही तसेच फोड सापडतात. खऱ्या मारासारखा तो रोज रंगही बदलत नाही. खोटं बोलणाऱ्याला बिबा बोटांवर पकडून देतो. हे वाचताना माझ्या बोटांच्या बेचक्यात खाज होती, आणि काही क्षण मला उगाच आरोपीसारखं वाटलं.

तर, चरकाच्या तुपापासून धोब्याच्या सुईपर्यंत सगळीकडे एकच गोष्ट दिसते. झाड कोणाच्या अंगावर येत नाही. कपड्यावरून, बोटावरून, भांड्यावरून तेल प्रवास करतं. आमच्या घरात ते मांजरावरून आलं. चिमी ही माझी धोबीखूण.

मग चिमीला का नाही झालं? तिच्या दाट केसांमुळे. तेल केसांवर थांबतं, कातडीपर्यंत पोचायला त्याला वाट नसते. पॉयझन आयव्हीच्या देशातल्या पशुवैद्यांचा अनुभव हाच आहे, की कुत्र्या-मांजरांना पुरळ क्वचित येतं, पण त्यांना कुरवाळणाऱ्या माणसांना हमखास येतं. हे कळल्यावर काका निश्चिंत झाले. "म्हणजे मांजराला काही धोका नाही. तू तिला जवळ घेऊ नको, विषय संपला."

विषय संपला नव्हता, आणि ते मला एका शब्दानं सांगितलं. 'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार'वरून आला. मार्जार येतो 'मृज्' या धातूवरून. पुसणं, स्वच्छ करणं. मार्जन, संमार्जनी हे त्याच घरातले शब्द. सतत स्वतःला पुसत राहणारा प्राणी तो मार्जार, असा अर्थ कोशकारांनी लावला आहे. ज्यांनी कोणी हे नाव ठेवलं त्यांनी मांजराकडे बराच वेळ पाहिलं असणार. तळहातभर जिभेनं अख्खं अंग चाटून काढणं हे मांजराचं दिवसभराचं काम. म्हणजे केसांनी जे अडवलं, ते जीभ आत नेते. कुत्रा अंग झटकतो आणि जातो. मांजर शेवटचा थेंबही पुसून घेतं.

आणि मांजराचं पोट त्या बाबतीत दुबळं आहे. माणसाच्या यकृतात काही पदार्थांना साखरेचा एक अंश जोडून विरघळवून बाहेर टाकायची सोय असते. मांजराच्या शरीरात या सोयीचा एक महत्त्वाचा भाग मोडीत निघालेला आहे. त्यासाठीचं जनुक आहे, पण निकामी, हे 2000 साली संशोधकांनी दाखवून दिलं. पिढ्यान्‌पिढ्या फक्त मांस खाणाऱ्या प्राण्याला झाडपाल्यातली रसायनं निवारायची गरजच पडली नाही, म्हणून ते गंजलं असावं. पॅरासिटामॉलची एक गोळी आपला ताप उतरवते, तीच मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणामुळे. ही गोळी मांजराला कधीही द्यायची नाही, हे बिब्याचा संबंध नसला तरी लक्षात ठेवा. बिब्याच्या तेलातले मुख्य पदार्थही फेनॉल जातीचे, आणि फेनॉलच्या बाबतीत मांजर हा नाजूक प्राणी मानला जातो. घरातल्या फिनाइलपासून मांजर लांब ठेवायला सांगतात ते त्यामुळेच.

मी चिमीला त्याच संध्याकाळी आंघोळ घातली. हातात रबरी मोजे, कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण. आजी म्हणत होती खोबरेल लाव, कारण माणसाला बिबा उतला की खोबरेल, तूप, तीळ लावायची जुनी रीत आहे. कातडी शांत करायला ते ठीक असेल. पण केसांवरचं तेल काढायचं तर तेलावर तेल ओतून ते पसरणारच, आणि मांजर ते आणखी आवडीनं चाटणार. साबणानं धुवायचं, भरपूर पाण्यानं. तिचं अंथरूण, माझी उशी, गोधडीची खोळ, सगळं वेगळं धुवायचं. नंतर दोन दिवस लक्ष ठेवायचं. लाळ गळते का, ओठ-जीभ सुजलीय का, खाणं सोडलंय का, ओकतेय का. यातलं काही दिसलं तर घरचा उपाय न करता सरळ जनावरांच्या डॉक्टरकडे. चिमीला यातलं काही झालं नाही. माझ्या मनगटावर मात्र तिनं आंघोळीच्या रागात तीन ओरखडे काढले, बिब्याच्या फोडांच्या शेजारीच.

झाडापेक्षा मला आता दोन गोष्टींची जास्त धास्ती वाटते. एक, ती लिंबू-मिरची. जालना रोडला लागून दुकानांची रांग आहे आणि शेंद्र्याच्या कंपन्यांचे ट्रक दिवसरात्र जातात. शनिवारी नवा दोरा टांगतात आणि जुना रस्त्यावर फेकतात. लोंबणारा दोरा आणि टोकाला घरंगळणारं बी, मांजराला खेळायला याहून चांगलं काय मिळेल? चाकाखाली आलेला बिबा तर तेल सांडूनच पडलेला असतो. दुसरी गोष्ट धूर. दृष्ट काढून मीठ-मोहरीबरोबर बिबा विस्तवात टाकायची पद्धत काही घरांत आहे. त्या धुरात तेलाचे कण असतात आणि ते डोळ्यांत, घशात, छातीत जातात. माणसाला खोकून बाहेर पळता येतं. पलंगाखाली बसलेल्या मांजराला आपण मोजतच नाही.

राहिला काकांचा प्रस्ताव, झाड तोडायचा. त्यांनी खरंच लाकूडतोड्याला बोलावलं होतं. तो आला, झाडाभोवती फिरला, आणि 'नाही' म्हणाला. ओलं झाड तोडायचं म्हणजे कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावाला चिकाचे शिंतोडे. खोडाची साल आधी गोलाकार काढायची, झाड उभ्या उभ्या वाळू द्यायचं, मग पाहू. ब्रिटिश वनाधिकाऱ्यांच्या जुन्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं आहे, की साल काढून वाळवल्याशिवाय लाकूडतोडे बिब्याला हात लावायला राजी नसतात. आणि तोडलेल्याचं करायचं काय? सरपण म्हणून जाळलं तर पुन्हा धूरच. त्या झाडाला ज्या पद्धतीनं जगता येतं तितकंच चोख मरतानाही राखण करता येते. काकांनी विषय सोडून दिला. मोसंबीला पाणी द्यायची पाळीही होती.

शेवटी ठरलं ते साधं. थंडीत फळं पडायला लागली की दर दोन दिवसांनी बिबे गोळा करायचे, चिरडू द्यायचे नाहीत. ट्रॅक्टरची वाट चार हात पलीकडून काढायची. झाडाखालच्या उबदार मातीवर बाभळीच्या काट्याच्या फांद्या टाकायच्या, म्हणजे चिमी तिथे लोळणार नाही. तिनं आता मोसंबीच्या आळ्यात जागा धरली आहे.

गोळा झालेले बिबे मी डब्यात भरून बाजारात नेले. एक बाई बिबे विकत घेतात, घरी नेऊन फोडतात आणि गोडंबी काढून विकतात. विदर्भात आणि मराठवाड्यात अशा कितीतरी बायका आहेत. दगडावर बिबा ठेवायचा, दुसऱ्या दगडानं नेमका घाव घालायचा, तेल उडतं तेवढं उडू द्यायचं, आतली गोडंबी अख्खी निघाली पाहिजे कारण तुकड्याला भाव कमी. गोडंबी दुकानात सुकामेव्याच्या बरण्यांशेजारी असते आणि डिंकाचे लाडू खाताना आपण कोणाच्या हातून ती आली ते विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. एका मांजराची काळजी करता करता मी चरक, बगदाद, गोवा आणि अमेरिकी लष्कर असं सगळं पालथं घातलं, आणि हे हात माझ्या गावच्या बाजारातच होते.

त्यांनी डबा घेतला, बिबे हातानं चाळवले, वजन केलं. तळवे आणि बोटांची टोकं काळी, जागोजागी जुन्या चट्ट्यांची गुळगुळीत कातडी. माझ्या हातातल्या पिवळ्या रबरी मोज्यांकडे बघून त्या हसल्या.

"भांडी घासून आली का काय?"

मी मोजे काढून हातावरचे डाग दाखवले आणि मांजराची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. त्यांच्याकडेही मांजर आहे म्हणाल्या. बिबे फोडायला बसलं की ते आपणहून उठून शेजारणीच्या घरी जातं, आणि हातपाय धुऊन चूल पेटेपर्यंत परत येत नाही.

"मोजे कितीला मिळाले?" त्यांनी विचारलं.

मी किंमत सांगितली. त्यांनी तराजूतले बिबे पाहिले, मोजे पाहिले, आणि मला पैसे मोजून दिले. मी मोजे तिथेच ठेवून आले.